कॉक्सबाजार ते टेकनाफ: डोंगरावरचं पाणी, डोंगराखालचा मैला

मी मैल्याचं काम करते. लोक आधी तोंड वाकडं करतात, मग विचारतात, म्हणजे नक्की काय? वाई आणि सिन्नर या गावांत घरोघरचे सेप्टिक टँक दर तीन वर्षांनी ठरलेल्या वेळापत्रकाने उपसतात. टँक तुंबेपर्यंत वाट बघायची नाही, हे त्यामागचं तत्त्व. त्या धर्तीच्या कामात माझी काही वर्षं गेली. बांगलादेशातल्या रोहिंग्यांच्या छावण्यांत पाणी-स्वच्छतेचं काम करणाऱ्या एका गटाने 2024 च्या फेब्रुवारीत बोलावलं, तेव्हा बॅग भरायला फारसा वेळ लागला नाही.

बुधवार, 21 फेब्रुवारी: कॉक्सबाजार

मुंबई-ढाका-कॉक्सबाजार विमानप्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही. ढाक्याहून इथे रेल्वे आली त्याला तीन महिनेही झाले नव्हते. मला त्या गाडीने यायचं होतं, पण तिकीट मिळालं नाही. शिंपल्याच्या आकाराचं स्टेशन मग बाहेरूनच पाहिलं.

मातृभाषा दिनाची सुट्टी होती. सकाळी शहीद मिनारावर फुलं वाहून झाल्यावर अर्धा बांगलादेश बहुधा इथल्या समुद्रावर आला असावा. किनारा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास लांब, पण गर्दी सगळी दोन किलोमीटरांत. पांढऱ्या-काळ्या साड्या, घोडे, छत्र्यांखाली भाड्याच्या खाटा. जुहूची सवय असलेल्या माणसाला इथे परकं वाटणार नाही.

या गावाचं नाव हायरम कॉक्स या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यावरून पडलं. ब्रह्मदेशाच्या राजाने 1784-85 मध्ये आराकान (आजचा म्यानमारमधला राखाइन प्रांत) जिंकलं आणि तिथले लोक पळून या बाजूला आले. त्यांना वसवायला कंपनीने कॉक्सला धाडलं. काम पुरं व्हायच्या आत, 1799 मध्ये तो इथेच वारला. म्हणजे ज्या शहरात मी रूपचांदा खात बसले होते (आपलं पापलेटच, इथे हळद-मिरची लावून कडक तळतात), त्याचं नावच आराकानी निर्वासितांच्या पुनर्वसन अधिकाऱ्याचं आहे.

*जाणाऱ्यांसाठी:* भारतीयांना व्हिसा लागतो. गावात फिरायला बॅटरीवरची टमटम बरी, पण भाडं आधी ठरवा. तेव्हा 100 टाका म्हणजे साधारण 75 रुपये होते. परदेशी कार्ड सगळीकडे चालेलच असं नाही, रोख जवळ ठेवा.

गुरुवार: कुतुपालोंग

सकाळी सातला निघालो. आमचा ड्रायव्हर चाटगावचा (म्हणजे चितगावचा), बडबड्या. पहिल्या वळणावरच 'दिदी' म्हणायला लागला आणि दुसऱ्या वळणावर मला किती मुलं हे त्याला कळलेलं होतं. उखियाच्या पुढे रस्त्यावर संस्थांच्या पांढऱ्या गाड्यांची रांग लागते. चौकीवर परवाने पाहिले, पासपोर्ट पाहिले, आणि तारेच्या कुंपणातून आत.

पाटीवरचे आकडे वाचून आलेलं असूनही पहिल्या टेकडीवर चढल्यावर मी काही वेळ नुसती उभी राहिले. ऑगस्ट 2017 नंतर काही महिन्यांत सात लाखांहून जास्त माणसं म्यानमारमधल्या लष्करी अत्याचारांपासून पळून सीमेवरची नाफ नदी आणि शेताचे बांध ओलांडून इकडे आली. आधीची धरून उखिया-टेकनाफच्या 33 छावण्यांत 2024 च्या सुरुवातीला दहा लाखांच्या घरात वस्ती होती. कुतुपालोंग-बालुखालीचा सलग भाग ही जगातली सर्वांत मोठी निर्वासित वसाहत. इथे जंगल होतं, हत्तींची वाट होती. पहिल्या काही महिन्यांत हत्तींनी दहाहून जास्त माणसं मारली. मग बांबूचे टेहळणी मनोरे आले आणि हत्ती परतवणारी रोहिंग्या पथकं तयार झाली. सरपणासाठी टेकड्या भादरल्या गेल्या होत्या. 2018 पासून गॅस सिलिंडर वाटायला सुरुवात झाली तेव्हा कुठे हिरवळ परत येऊ लागली. उतार धरून ठेवायला जागोजाग वाळा लावलाय. आपण माठात टाकतो तोच वाळा.

छावणीत माणशी 45 चौरस मीटर जागा असावी, असा आंतरराष्ट्रीय मापदंड आहे. त्यात रस्ते, शाळा, संडास सगळं धरलं जातं. 2018 साली इथे सरासरी 11च्या आसपास होती. हा एक आकडा डोक्यात ठेवला की पुढचं सगळं आपोआप समजतं. विहीर आणि संडास यांत तीस मीटर अंतर हवं, हे आपल्या ग्रामपंचायतीच्या शिपायालाही ठाऊक असतं. पण तीस मीटर आणायचे कुठून?

2017 च्या त्या पावसाळ्यात आणि नंतर घाईघाईने हजारो हातपंप ठोकले गेले, बरेचसे उथळ. शेजारीच, कधी चार पावलांवर, संडासाचे खड्डे. काही आठवड्यांत खड्डे भरले आणि पाण्यात मैल्याचे जंतू निघाले. पटकीची साथ भडकू नये म्हणून ऑक्टोबर 2017 मध्ये तोंडाने द्यायच्या लशीची मोहीम झाली आणि पहिल्याच फेरीत सात लाखांच्या आसपास लोकांना डोस मिळाले. पटकीची मोठी साथ आली नाही. त्याच हिवाळ्यात घटसर्प मात्र आला.

आता चित्र वेगळं आहे. खोल कूपनलिका, त्यावर सौर पंप, टेकडीच्या माथ्यावर टाक्या, तिथे क्लोरीन आणि उतारावरून नळकोंडाळ्यांपर्यंत पाइप. पाणी ठरलेल्या वेळी सुटतं. एका कोंडाळ्यावर पाण्याची वेळ गाठली. ॲल्युमिनियमच्या कोलशा (कळश्या), पिवळे कॅन, मध्ये घुसणारी पोरं आणि त्यांना हाकलणारी एक आजी. रोहिंग्या स्वयंसेवक मुलीने नळाचं पाणी छोट्या डबीत घेतलं, गोळी टाकली, हलवलं आणि रंग पाहून म्हणाली, झीरो पॉइंट चार. लिटरमागे 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन असलं की ठीक. आपल्याकडे गावचा जलसुरक्षक क्लोरीन तपासायला ओटी टेस्ट करतो, तसंच हे. फरक एवढाच की या मुलीने आकडा वहीत त्याच क्षणी लिहिला. आपल्याकडच्या किती वह्या महिनाअखेरीस एका बैठकीत एकाच पेनने भरलेल्या असतात, हे मी पाहिलंय.

नळाला शुद्ध असलेलं पाणी घरात पोचेपर्यंत बिघडतं, ही सगळ्याच छावण्यांची रड. कोलशीला झाकण नसतं, पेला बुडवून घेतात, हात कसे असतात ते विचारू नका. साबण वाटतात, पण शिधा कमी पडला की साबण बाजारात विकला जातो. शिध्याचं कूपन 2023 मध्ये माणशी महिना 12 डॉलरवरून 10 वर आणि मग 8 वर आलं. आम्ही गेलो तेव्हा नुकतं परत 10 झालं होतं, म्हणजे अकराशे टाका. तेवढ्यात महिना काढायचा.

दुपारी एका खालाच्या (मावशीच्या) घरी बसलो. बांबूच्या कुडाच्या भिंती, वर ताडपत्री, जमीन मात्र मातीने अशी गुळगुळीत सारवलेली की चप्पल बाहेर काढताना लाज वाटली. पक्कं बांधकाम करायला सरकारची परवानगी नाही. बांबूला भुंगा लागून दोन वर्षांत त्याचं पीठ होतं, म्हणून आता बांबू बोरॅक्सच्या द्रावणात बुडवून मग वापरतात. खालाने पान पुढे केलं. टेकनाफची सुपारी ओली आणि झणका देणारी, सवय नसेल तर अर्धंच खा.

तिला थोडंफार हिंदी येत होतं, उरलेलं दुभाष्या मुलीने पुरवलं. घराच्या कोपऱ्यात प्लास्टिक बांधून तिने न्हाणी केली होती. पाणी भोकातून बाहेरच्या गटारात जायचं. सार्वजनिक न्हाण्या वीस पावलांवर आहेत, मग घरात का? कारण तिकडे जाताना सगळी गल्ली बघते. संडासाचं विचारलं तर म्हणाली, अंधार पडल्यावर मी आणि माझ्या सुना पाणी पीत नाही.

बाईच्या तोंडून हे वाक्य मी मराठवाड्यातही ऐकलंय, मुंबईच्या वस्त्यांतही.

मी विचारलं, काय बदललं तर जाल? दिवा हवा, असं उत्तर येईल म्हणून मी वहीत 'सौर दिवा' लिहायच्या बेतात होते. ती म्हणाली, कडी. आतली कडी तुटलीय, दोन महिने झाले. एका हाताने दार धरून बसायचं. सून गरोदर आहे, तिला एका हाताने जमत नाही.

वीस माणसांमागे एक संडास, स्त्री-पुरुषांचे वेगळे, घरापासून 50 मीटरच्या आत, हे सगळे निकष त्या गल्लीत कागदावर पुरे होते. कडी कुठल्याच तक्त्यात नव्हती. आमच्याबरोबरच्या तरुण इंजिनिअरने, तो राजशाही शहरातला, फोनवर लगेच कुणाला तरी सांगितलं. मग मला म्हणाला, आपा, कडी टाका मोजून मिळते, बसवायला माणूस मिळत नाही. संडास बांधायला पैसे येतात. दुरुस्तीला येतात ते उरलेले.

चारच्या सुमारास बाहेरच्यांना छावणी सोडावी लागते. संध्याकाळनंतर आत काय चालतं याबद्दल लोक बोलतात, पण हळू आवाजात. टोळ्यांची भीती खरी आहे.

*जाणाऱ्यांसाठी:* छावणी हे पर्यटनस्थळ नाही. निर्वासित आयुक्तांच्या कार्यालयाचा परवाना असल्याशिवाय निघू नका. मागचा पट्टा असलेल्या चपला किंवा बूट घाला, कारण उतार वाळूचे आहेत. छत्री उन्हासाठीही लागते. चॉकलेटं वाटू नका, पाच मिनिटांत शंभर पोरं जमतात आणि धाकटी चेंगरतात. फोटो विचारूनच काढा. आणि बायकांनो, सकाळी निघताना जाऊन या, पण खालासारखं पाणी तोडू नका. कार्यालयांतले संडास वापरू देतात.

शुक्रवार: सुट्टी आणि बोंबील

बांगलादेशात शुक्रवार-शनिवार सुट्टी. सकाळी नाझिरारटेकला गेले, सुक्या मासळीचं भलंमोठं वाळवण आहे तिथे. वास एक किलोमीटर आधी येतो. बांबूच्या ताट्यांवर नजर पोचेल तिथवर लोईट्टा लटकलेले, म्हणजे आपले बोंबील. अर्नाळा-सातपाटीच्या बायका इथे आल्या तर पहिल्या मिनिटाला भाव करायला लागतील. वाळवणावर काम करणाऱ्यांत बायका जास्त. वादळं आणि समुद्र यांनी घरं नेलेल्या कुतुबदिया बेटावरची कुटुंबं या भागात येऊन राहिली आहेत. म्हणजे हेही विस्थापितच, फक्त यांना कुणी छावणीचा नंबर दिला नाही.

जेवायला भात, डाळ, लोईट्टा फ्राय आणि शुटकीचं भर्ता. सुकी मासळी भाजून लाल मिरची, कांदा, मोहरीच्या तेलात कुस्करलेली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्लं. चहाबरोबर चाटगावचं बेला बिस्किट, हे बुडवल्याशिवाय दाताला दाद देत नाही.

शनिवार: मरीन ड्राइव्हने टेकनाफ

ऐंशी किलोमीटरचा रस्ता. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला टेकड्या आणि वाळूवर चंद्रकोरीसारख्या दोन्ही टोकांनी वर वळलेल्या होड्या. गाडी चारदा थांबवली, सगळ्यांना फोटो हवे होते.

टेकनाफला गणित उलटं. कुतुपालोंगला जमिनीखाली खोलवर चांगलं पाणी आहे. इकडे खाली पाणी धरणारा थर नीट लागत नाही, आणि लागला तर खारं. म्हणून ओढे अडवून तळी केली आहेत. ते पाणी निवळवायचं, गाळायचं, क्लोरीन द्यायचं आणि वाटायचं. फेब्रुवारीत तळ्याच्या काठाला भेगा दिसायला लागल्या होत्या. मार्च-एप्रिलमध्ये टँकर. पावसाळ्यात साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर, मुंबईच्या दीडपट पडतो, आणि उन्हाळ्यात टँकर. कोकणातल्या वाचकाला हे समजावायची गरज नाही.

किमान मापदंड माणशी दिवसाला 15 लिटरचा. इथे उन्हाळ्यात पाणी त्याच्या खाली घसरतं. भांडणही मग तिथेच लागतं, कारण आजूबाजूच्या गावातल्या बायकाही त्याच ओढ्यावर अवलंबून होत्या. एका गावकरी बाईने मला स्पष्ट सुनावलं: यांच्यासाठी टँकर येतो, आमच्यासाठी कोण येतं? तिचं काय चुकलं? आता काही योजनांत गावांनाही नळ देतात. ते आधीच व्हायला हवं होतं.

तळ्यावर उभे असताना नदीच्या पलीकडून धप्प असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा. पंप चालवणाऱ्या माणसाने मानही वर केली नाही. राखाइनच्या सीमेलगतच्या भागात महिन्याच्या सुरुवातीपासून लढाई पेटली होती. घुमधुमला एक तोफगोळा सीमेच्या या बाजूला पडून दोघे गेले होते. तीनशेहून जास्त म्यानमारी सीमारक्षक पळून इकडे आले होते, त्यांना 15 तारखेला बोटीने परत पाठवलं. टेकनाफहून सेंट मार्टिन बेटावर जाणारी जहाजंही बंद होती. ज्या गावात परत जायचं म्हणून ही माणसं तात्पुरती म्हणवतात, तिथला आवाज असा रोज ऐकू येत होता.

*जाणाऱ्यांसाठी:* सेंट मार्टिनचा बेत असेल तर जहाजं कुठून सुटतात आणि सुटतात का, हे आदल्या दिवशी विचारा. मरीन ड्राइव्हवर चौक्या आहेत, पासपोर्ट हाताशी ठेवा.

रविवार: माझं काम

पाण्याचा नळ सगळ्यांना दाखवतात. मैला बघायला जायचं म्हटलं की यजमान आधी एकमेकांकडे बघतात.

इथला संडास म्हणजे सिमेंटच्या रिंगा एकावर एक रचून केलेला खड्डा, वर स्लॅब. जागा नाही म्हणून खड्डा लहान, आणि वापरणारे जास्त, म्हणून तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत भरतो. वाईला आम्ही तीन वर्षांनी जातो हे मी सांगितलं तेव्हा उपसणारी मंडळी हसली. त्यांच्यातला एक म्हणाला, तीन वर्षांत तर आमची टेकडीच भरेल.

उपसायची कशी? सक्शनची गाडी या पायवाटांवर चढत नाही. म्हणून छोटे पंप उचलून नेतात, लांबच लांब पाइप टाकतात आणि मैला उतारावरच्या टाकीत ढकलतात. तिथून पुढच्या टाकीत, असं टप्प्याटप्प्याने प्रक्रियेच्या जागेपर्यंत. पाइप पोचत नाही तिथे निळं पिंप बांबूला बांधून दोघांनी खांद्यावर न्यायचं, पायऱ्यांवरून. पायऱ्या म्हणजे मातीने भरलेल्या गोण्या. मी त्यांच्यामागून रिकाम्या हाताने उतरले तरी गुडघे थरथरले.

हे काम करणारे सगळे रोहिंग्या स्वयंसेवक, मजुरी तेव्हा तासाला 50 टाका. हातमोजे, बूट, मास्क होते. उन्हात मास्क हनुवटीवर आला होता, तो जगभर तसाच येतो. एक पंचविशीतला मुलगा राखाइनमध्ये कोळंबीची शेती करायचा. सासुरवाडीला त्याने सांगितलंय की तो पाण्याच्या पाइपवर कामाला आहे. दुभाष्या मुलीने हे भाषांतर करताना त्याच्याकडे पाहून विचारलं, हे सांगू ना? तो म्हणाला, त्या भारतातल्या, त्यांना सांग.

चौथ्या छावणीच्या विस्तारित भागात ऑक्सफॅमने 2019 मध्ये मोठं प्रक्रिया केंद्र उभारलं, दीड लाख लोकांचा मैला घेईल एवढं. झाकलेल्या तळ्यांत हवेशिवाय मैला कुजतो, पुढे पाणी निवळत जातं. त्याशिवाय टेकड्यांच्या कुशीत लहान केंद्रं विखुरलेली आहेत. एका ठिकाणी नुसता चुना कालवून जंतू मारतात. ते सुरुवातीला घाईत सुरू झालेलं तंत्र, चुन्याचा खर्च मात्र कायमचा. दुसरीकडे मैल्याचं पाणी गाळणारा कर्दळीचा वाफा होता, लालभडक फुललेला. वास? सांगितल्याशिवाय कळला नसता. मला तरी नाही कळला, पण माझ्या नाकावर जाऊ नका.

माझं आजोळ उल्हासनगरचं. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, 1949 साली त्या वसाहतीला नाव मिळालं, तरी पत्ता अजून कॅम्प नंबर चार असाच लिहितात. पण तिथल्या माणसांना नागरिकत्व मिळालं, भिंती विटांच्या झाल्या, गटारं (बरी-वाईट) झाली. इथे सातव्या वर्षीही सगळं तात्पुरतं धरून चालायचं. घर तात्पुरतं असू शकतं, शाळाही ताडपत्रीखाली भरते. दहा लाख माणसांचा रोजचा मैला तात्पुरता कसा असेल? ताडपत्रीचा हट्ट इतर ठिकाणी दिसतो, खरा भारी पडतो तो या खड्ड्यांत. अंगावर उठतो तो वेगळाच. 2023 मध्ये एका पाहणीत छावण्यांतल्या जवळपास 40 टक्के लोकांना खरूज निघाली होती. एका खोलीत आठ जण, धुवायला पाणी मोजून, अंथरूण एकच.

रात्री शब-ए-बारात होती. ड्रायव्हरभाईने घरी नेलं. तांदळाच्या रोट्या, हरभऱ्याच्या डाळीचा हलवा आणि गोमांसाची भाजी. मी मांसाहारात फक्त मासे खाते हे कळल्यावर भाभींनी दहा मिनिटांत अंडी परतली. त्यांचे वडील ऐंशीच्या आसपासचे, खुर्चीत बसून माझी चौकशी करत होते. 1971 मध्ये ते तरुण होते, सबरूमला सीमा ओलांडून त्रिपुरात गेले. एक कोटीच्या आसपास माणसं तेव्हा भारतात आली होती. त्यांना छावणीतला चर आठवत होता, लांब खणलेला, वर फळ्या टाकलेल्या. पावसात तो भरून वाहिला आणि मग जुलाब सुरू झाले. एक बहीण तिथेच गेली.

त्याच उन्हाळा-पावसाळ्यात इकडे पश्चिम बंगालमधल्या बनगावला डॉ. दिलीप महालनबीस पिंपांत मीठ-साखरेचं पाणी कालवून पटकीच्या रोग्यांना पाजायला सांगत होते. सलाईन संपलं होतं. तीन हजारांहून जास्त रोग्यांत मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आलं. ओआरएसची पुडी आज इथल्या प्रत्येक टपरीवर टांगलेली असते. भाभींच्या वडिलांच्या छावणीत ते पाणी मिळालं नव्हतं. सबरूमपर्यंत पोचलं नसावं.

सोमवार: निघताना

शब-ए-बारातची सुट्टी असूनही राजशाहीचा इंजिनिअर हॉटेलवर आला. कडी बसली होती, त्याने फोटो दाखवला. फोटोत खाला नव्हती, फक्त दाराचा आतला भाग आणि नवा बोल्ट.

मग दोन तास आम्ही पावसाळ्यापूर्वीच्या उपशाची यादी केली. मेअखेर उतारावरचे सगळे खड्डे निम्म्याच्या खाली आले पाहिजेत, नाहीतर जूनच्या पहिल्या झोडपीत वरच्या गल्लीचा मैला खालच्या गल्लीच्या चुलीपर्यंत जातो. पंप मोजले, माणसं मोजली. हिशेब जुळत नव्हता. दरडीच्या धोक्यात असलेले खड्डे आधी, मग शाळांजवळचे, असं क्रमाने लावलं. वाईच्या वेळापत्रकाचा तक्ता मी त्याला दिला. तीन वर्षांच्या जागी त्याने सहा आठवडे लिहिलं आणि रकाने वाढवले.

'जुलैत या आपा,' तो म्हणाला. 'फेब्रुवारीत छावणी सगळ्यांनाच चांगली दिसते.' परवान्याचा अर्ज आत्ताच टाकायला हवा, तोही त्यानेच माझ्या लॅपटॉपवर भरायला घेतला.